उजव्या खिशातले लाडू

डिसेंबर उजाडला की माझा हात आपोआप डिंकाच्या पुडीकडे जातो. ऑकलंडला येऊन सोळा वर्षं झाली. इथे डिसेंबरात माणसं समुद्रात डुंबत असतात, पण माझ्या डोक्यातली थंडी अजून पुण्याच्याच कॅलेंडरवर चालते. सँडरिंगहॅमच्या दुकानातून डिंक आणि खारीक आणायची आणि पंख्याखाली घाम पुसत लाडू वळायचे, हे दरवर्षी ठरलेलं. मुलगी म्हणते, "आई, इट्स ट्वेंटी-सेव्हन डिग्रीज." मी म्हणते, मग तू खाऊ नकोस. ती खातेच.

त्या वर्षी लाडवांचा डबा आमच्याबरोबर विमानाने साउथ आयलंडला आला. नवऱ्याला तिथल्या डोंगरात सायकल चालवायची होती. आम्ही ऑकलंडमध्ये न्यू लिनला राहतो, तिथून टिटिरांगीची चढण जवळ. पूर्वी तो दर रविवारी पहाटे उठून ती चढून यायचा आणि दुपारभर सोफ्यावर आडवा पडून आपल्या पराक्रमाचे आकडे ऐकवायचा. या सहलीच्या दोन वर्षं आधी त्याच्या हृदयात स्टेंट बसला आणि रविवार बंद झाले. काही महिन्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिली. सायकल चालवा, बेताने चालवा, आणि जिभेखाली मारायचा स्प्रे कायम जवळ ठेवा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. तो खूश झाला. मी गाडीची किल्ली उचलली.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. काय काय बिघडू शकतं हे आधी शोधायचं, याचा मला पगार मिळतो. घरी तेच काम मी फुकट करते. वर्षभर दर रविवारी तो पुढे सायकलवर आणि मी मागे गाडीत, चारी दिवे लुकलुकत, ताशी दहाच्या वेगाने. दर दोन वळणांनी काच खाली करून विचारायचं, पाणी प्यायलास का, दम लागतोय का. आमच्यामागे गाड्यांची रांग लागायची. एकदा एका बाईने शेजारून जाताना मला हात जोडून दाखवले. मी तेही मनावर घेतलं नाही. तो यावर काहीच बोलला नाही, आणि न बोलणं म्हणजे मान्य असणं, असं मी सोयीने धरून चालले.

क्वीन्सटाउनजवळच्या भाड्याच्या घरात पहिल्याच संध्याकाळी तो बोलला. बर्फावरून घसरायला लोक जातात त्या स्कीफील्डवर जाणारा एक रस्ता आहे, हिवाळ्यात गाड्यांनी भरलेला आणि उन्हाळ्यात ओस. डांबरी, अरुंद, सुरुवातीपासून शेवटपर्यंत चढ. "मला तो एकट्याने चढायचाय," तो म्हणाला. "तू वर जाऊन थांब."

"आणि मध्येच काही झालं तर?"

"तर होईल."

या उत्तरावर मी रात्रीचं जेवण होईपर्यंत कसाबसा दम धरला. मग मुलीला फोन लावला, ती माझ्या बाजूने उभी राहील म्हणून. ती म्हणाली, "आई, लेट हिम बी. ही इज फिफ्टी-फोर, नॉट फोर." फोन स्पीकरवर होता. तो हसला नाही. भांडी पुसत म्हणाला, "तू मागे असलीस की मला रस्ता ऐकू येत नाही गं, तुझं इंजिन ऐकू येतं. आणि मग घाटभर मी पेशंटच असतो." तो असं सहसा बोलत नाही. मला वाईट वाटलं, रागही आला, आणि मी हो म्हटलं. अट एकच, स्प्रे उजव्या खिशात. सायकलच्या जर्सीला पाठीमागे तीन खिसे असतात. उजवा म्हणजे हात मागे नेला की लगेच सापडणारा.

सकाळी पायथ्याशी मी स्प्रे तीनदा तपासला. उजव्या खिशात होता. मग मला लाडू आठवले. दोन लाडू पिशवीत बांधून मी त्याच्या पाठीशी उभी राहिले. डाव्या खिशात फोन, मधल्यात ट्यूब आणि पंप.

"अगं, माझ्याकडे एनर्जी जेल आहे," तो म्हणाला.

"ती खळ तू खा. वर थंडी असेल, लाडू लागतील."

लाडू उजव्या खिशात बसेनात. म्हणून मी स्प्रे एक मिनिट बाहेर काढला, लाडू दाबून बसवले आणि खिशावर थाप मारली. तो निघाला. ठरल्याप्रमाणे मी काच बंद ठेवून, त्याच्याकडे न बघता, त्याला ओलांडून वर गेले.

वर विस्तीर्ण पार्किंगमध्ये आमची लाल गाडी सोडून काही नव्हतं. हिवाळ्यात स्कीवाल्यांना वर नेणारा खुर्च्यांचा पाळणा तारेवर जागच्या जागी लोंबकळत होता. एक किआ पोपट येऊन टपावर बसला आणि काचेचं रबर उपसायला लागला. त्याला हुसकायला बाहेर पडले तर वारा बोचरा. हात जॅकेटच्या खिशात घातले आणि बोटांना स्प्रे लागला.

मी त्याला फोन लावायला गेले. फोनला रेंज नव्हती. वर्षभर पहारा देणाऱ्या बाईने एका वस्तूवर बेतलेल्या अटीतून तीच वस्तू काढून घेतली होती, आणि तीसुद्धा लाडवांना जागा करायला. मग मनाशी वाद सुरू केला. वर्षात त्याला स्प्रे एकदाही लागलेला नाही, आजच कशाला लागेल? ऑफिसात हा युक्तिवाद मी कोणाकडूनही ऐकून घेतला नसता. पण गाडी घेऊन खाली जायचं म्हणजे दिलेला शब्द पहिल्याच तासात मोडायचा. मी गाडीत बसले, उतरले, पुन्हा बसले.

तेवढ्यात एक सायकलस्वार बाई वर आली. सत्तरीची असावी, पिंढऱ्या दोरखंडासारख्या. "किया ओरा," असा माओरी नमस्कार करत तिने बाटली तोंडाला लावली. मी तिला विचारलं, वाटेत निळ्या जर्सीतला माणूस दिसला का. दिसला म्हणाली. चार किलोमीटर खाली रस्त्याच्या कडेला बसलाय. "आय आस्क्ड हिम. ही सेड ही वॉज स्वीट अ‍ॅज." म्हणजे एकदम मजेत.

बसलाय, एवढंच मला ऐकू आलं. मी गाडी काढली.

तीन किलोमीटर उतरल्यावर एका वळणाशी खालचा रस्ता डोंगराच्या पोटाशी वळून परत येताना दिसतो. तिथे मी गाडी थांबवली. खाली, दोन वळणांपलीकडे, तो एका दगडावर बसला होता. सायकल गवतात आडवी. मान खाली. चेहरा दिसणं शक्य नव्हतं. माझ्या मुठीत स्प्रे, पाय ब्रेकवर. तो कधीपासून बसला असेल याचा हिशोब मी पुन्हा पुन्हा करत होते.

मग त्याने हात मागे नेला, पिशवी काढली आणि लाडू खायला लागला. सावकाश, चावून चावून, शेवटचा कण बोटांनी टिपून.

छातीत दुखत असलेला माणूस असा लाडू खाणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खात्री नव्हती. खात्री होती ती वेगळ्याच गोष्टीची. आत्ता गाडी त्याच्याजवळ नेली तर तो एक शब्द न बोलता सायकल डिकीत टाकेल, आणि पुन्हा कधी विचारणार नाही. यापुढे तो घरचा पेशंट आणि मी त्याची नर्स. मी गाडी वळवली आणि वर गेले.

पुढची चाळीस मिनिटं मला पुन्हा नको आहेत. ती बाई कधीच उतरून गेली होती. मी देवाचं नाव घेतलं, नवऱ्याला शिव्या दिल्या, त्या किआला शिव्या दिल्या. शेवटी वळणावर निळा ठिपका दिसला. तो इतक्या हळू येत होता की मी चालत जाऊन त्याला गाठलं असतं. जागेवरून हलले मात्र नाही.

तो उतरला, हँडलवर डोकं टेकून उभा राहिला. त्याचा श्वास जाग्यावर आल्यावर मी स्प्रे पुढे केला. "चुकलं माझं," म्हणाले. हे वाक्य आमच्या घरात माझ्या तोंडून क्वचित निघतं.

"अर्ध्यात सवयीने खिसा चाचपला तेव्हाच कळलं," तो म्हणाला.

"मग खाली का नाही फिरलास?"

"फिरणारच होतो. पण बसलो तो बसलोच. अर्धा तास. दुखत काहीच नव्हतं. भीती वाटली. वर जाववेना, खालीही जाववेना." तो पाणी प्यायला. "मग वर गाडी दिसली. म्हटलं, ही बघत असणार. म्हणून लाडू खाल्ला."

"भूक लागली होती ना?"

"छे. घशाखाली उतरत नव्हता. तू काळजी करू नयेस म्हणून खाल्ला." तो डोंगराकडे बघत होता. "मग तू गाडी वळवलीस. मला वाटलं, हिने वळवली, म्हणजे मी अगदी ठणठणीत दिसत असणार. नाहीतर तू जाणाऱ्यातली नाहीस. म्हणून उठलो."

मी गाडीच्या पायरीवर बसले आणि रडले, आणि रडताना त्याच्यावर चिडलेही. खिशात उरलेला दुसरा लाडू त्याने माझ्या हातावर ठेवला. घामाने दमट आणि चेपलेला. मी तो खाल्ला. मी का वळवली हे त्याला मी त्या दिवशी सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

उतरायची वेळ झाली तेव्हा त्याने स्प्रे स्वतःच उजव्या खिशात टाकला. हेल्मेटचा पट्टा लावता लावता म्हणाला, "मागे येशील?"

"जवळ की लांब?"

"दिसशील एवढी लांब."

मी एक वळण अंतर ठेवून निघाले, दिवे न लुकलुकवता, काच बंद. प्रत्येक वळणावर तो एकदा मान वर करून बघत होता, गाडी येतेय ना.