चड्डीवाला तुफानराव

हट्टाची परीक्षा असती, तर जिंतूरची माझी आत्या अख्ख्या मराठवाड्यात पहिली आली असती आणि तिच्या धाकानं दुसरं कुणी पेपरला बसलंच नसतं. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यावर तिनं घराच्या कंपाऊंडच्या भिंतीवर चित्रकथा रंगवायला घेतली. भिंत एस.टी.च्या थांब्यासमोरच, त्यामुळे वाचकांची वाण नाही. दर आठवड्याला जुनं चित्र पुसून पुढचं. नायक तुफानराव. निळ्या विजारीवरून लाल चड्डी, पाठीवर शेला. चष्मा काढला की सख्खी आईसुद्धा त्याला ओळखत नाही. खलनायक त्याला कापसातली सरकी काढायच्या जिनिंगच्या यंत्राला बांधतो आणि मग निवांत उभा राहून आपला सगळा बेत सांगत बसतो, तोवर गाठी सुटतात. तुफानराव ठोसा मारतानाही "हा घे माझा ठोसा!" असं आधी कळवतो. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, खांद्यावर पंचा बांधून अंगणात स्टुलावर उभे राहत आणि त्यांच्याकडे बघून ती तुफानरावाचं उड्डाण काढी.

एकदा मी पुण्याच्या एका प्रकाशकाला घेऊन गेलो. भिंत पाहून तो हरखला. "पुस्तक करू," म्हणाला, "फक्त चड्डी तेवढी आत घाला. हल्लीचे नायक बाहेरून घालत नाहीत."

"नवरदेवाला बाशिंग कशाला, इचारता का कधी?" आत्या कडाडली. "समोरचं धड दिसत न्हाई त्याला. तरी बांधतेतच की! चड्डी भाईरच ऱ्हाईल." प्रकाशक चहा पिऊन परत गेला.

मागच्या उन्हाळ्यात मामा अचानक गेले. तेव्हा भिंतीवर तुफानराव येलदरीच्या धरणात बुडालेला होता, पाण्यावर नुसते बुडबुडे. चित्र तसंच राहिलं. थांब्यावरच्या बाया विचारायच्या, "बाई, मेला का ओ त्यो?" आत्या दार लावून घ्यायची. शेवटी मीच म्हणालो, "आत्या, राहू दे आता. इथंच संपव गोष्ट."

तिनं माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रंगाचे डबे घेऊन ती भिंतीशी उभी. दुपारपर्यंत तुफानराव पाण्याबाहेर, वर कोरडा ठणठणीत!

"वाचला कसा, ते तरी दाखव," मी म्हणालो.

"दाखवायचं नसतंय. मेलेला परत येतोय. लय जुना नियम हाय ह्यो."

मग कुंचला पुसता पुसता, भिंतीकडे बघत, ती हळूच म्हणाली, "कुन्या तरी बाईनंच केला आसंल बघ ह्यो नियम."