सोमवारच्या सह्या

हिरामणच्या पायाला चिखल कळायचा. खाडीकाठच्या खाजणात त्याची साठ वर्षं गेली होती. कुठला गाळ भरतीने आणलाय आणि कुठला माणसाने बांधाला थापलाय, हे तो अनवाणी उभा राहून सांगायचा. गावात त्यावर कुणी वाद घालत नसे.

अंजूरच्या पलीकडच्या या खाजणात गोदामं होणार होती. जुना बांध आणि त्यातली उघाडी, म्हणजे भरतीला मिटणारं नि ओहोटीला उघडणारं लाकडी दार, इथेच गाळाखाली आहे असं म्हातारे सांगत. गावाने हरकत घेतली. कचेरीतून अट पडली. पायाचे चर खणताना पुरातत्त्व शिकलेलं माणूस जेसीबीजवळ उभं राहील. रोजच्या नोंदीवर गावच्या एकाची सही असेल. जुनं काही निघालं तर तेवढा कोपरा सोडायचा. गावाने हिरामणचं नाव दिलं.

ठेकेदाराने सुकन्याला पाठवलं. पंचविशीची मुलगी, पायात गुडघाभर गमबूट.

"बूट घालून काय कळनार तुला?" हिरामण म्हणाला.

"काका, मला चिखल डोळ्यांनी बघायचाय."

"मंग तू अर्धाच बघनार."

तिसऱ्या दिवशी तिने बूट काढले. दुपारी ती त्याच्याच घरी जेवू लागली. हिरामणची बायको पार्वती तिच्यासाठी जवळा वेगळा काढून ठेवायची. "पोरगी काडीसारखी झालीय," म्हणायची.

संध्याकाळी हिरामणचे हात कोपरापर्यंत भरलेले असत. दोनदा नोंदीचा कागद बरबटला. दोन्ही वेळा कचेरीतल्या साहेबांनी तो परत पाठवला. तेव्हा हिरामणनेच तोड काढली. सोमवारी सकाळी, अंघोळ झाल्यावर, खाटेवर बसून तो आठवड्याच्या साऱ्या कागदांवर सह्या करून ठेवू लागला.

"कोरे आहेत, काका."

"तू भरनारी हायेस ना?"

एका बुधवारी चरात त्याची टाच अडली. त्याने हात वर करून मशीन थांबवलं. दोघांनी मिळून गाळ काढला. खाली घडीव दगड होते, आणि त्यांच्यामध्ये काळं पडलेलं लाकूड. उघाडीची चौकट. सुकन्याने मापं घेतली, फोटो काढले.

"काका, खूप जुनी आहे ही," ती हळूच म्हणाली.

संध्याकाळी हिरामणने देवळापुढे सांगितलं, "सापडलं. कागदावर चढलं. त्या कोपऱ्याला आता हात लागत न्हाय."

पुढच्या सोमवारी तो गेला तर कोपऱ्यावर मुरूम ओतलेला होता. रविवारी डंपर येऊन गेले होते. सुकन्याही नव्हती. तिची ड्युटी दुसरीकडे लागली, असं कुणीतरी सांगितलं.

चार दिवसांनी दाजींनी कचेरीतून नोंदीची नक्कल आणली. दाजी गावातले जाणते. देवळापुढे त्यांनी मोठ्याने वाचलं. बुधवार. चर क्रमांक तीन. काहीही आढळले नाही. खाली हिरामणची सही.

"चूक झाली आसंल तिची," हिरामण म्हणाला. "थांबा, तिलाच इचारू." त्याने फोन लावला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"पोरी, बुदवारी काय निघालं ते जरा दाजींना सांग."



"काका, काही निघालं नव्हतं."

"तुज्या हातात टेप व्हती."

"तुमची सही आहे ना त्यावर," ती म्हणाली. फोन बंद झाला.

"सही तुझी का न्हाय, येवढं सांग," दाजी म्हणाले.

"माझीच. पन कोऱ्यावर केलेली."

"कोऱ्यावर कुनी सांगितली?"

"कुनी न्हाय. मीच."

मागून कुणीतरी म्हणालं, "जेवनासंगती गावबी वाढून दिला तिला." थोडे हसले. हिरामण तिकडे वळला नाही.

दाजींनी कागदाची घडी घातली. गावच्याच माणसाची सही असल्यावर कचेरीत कोण ऐकणार, असं ते म्हणाले. अजून दोन चर खणायचे होते. निदान तिथे तरी दुसरा माणूस हवा. त्यांनी गावातल्याच नामाचं नाव घेतलं.

"कबूल असंल त्यांनी हात वर करा."

हात वर झाले.  मग हिरामणनेही केला.

बायकांत बसलेल्या पार्वतीने केला नाही.