झायलीन आणि वडिलांची तसबीर

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी सायली गावातल्या एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होतो. रंग पातळ करायचं झायलीन तिथलं रोजचंच: पाण्यासारखं नितळ, वासाला गोडसर, स्वभावाने मात्र बेभरवशाचं. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरपटत जाऊन लांबची ठिणगीही गाठते. हे मी कामगारांना इतक्यांदा ऐकवायचो की मला पाहताच ते खिशातल्या बिड्या चाचपायचे.

जवळच्याच डोकमर्डी गावातल्या भाड्याच्या खोलीत शिरताना हा शहाणपणा मी चपलांबरोबर बाहेरच काढून ठेवत असे.

मी पाळण्यात असताना वडील, आमचे दादा, गेले. आईकडे त्यांची एकच छबी होती, धुळ्याच्या एका पेंटरने काढलेलं तैलचित्र. वॉर्निश पिवळं पडून आणि उदबत्त्यांच्या धुराने काळवंडून त्यातला चेहरा पार बुडाला होता. "भाऊ, आता ते मला दिसतच नाहीत रे," आई मला म्हणाली. मी साहेबांना विचारून बाटलीभर झायलीन घरी आणलं.

रविवारी हातमोजे घालून कोपऱ्यात कापसाचा बोळा फिरवून पाहिला. वॉर्निश सुटलं, रंग जागेवर. मग कोट, मग कपाळ. धूळ नको म्हणून खिडक्या मात्र मी घट्ट लावून घेतल्या होत्या. दिवेलागणीला डोकं गरगरू लागलं, आणि तेवढ्यात तसबिरीपुढे ठेवायला पेटतं निरांजन घेऊन आई दारात!

"बाहेर! आधी बाहेर हो!" जन्मात आईवर असा ओरडलो नव्हतो. धडाधड खिडक्या उघडल्या आणि चित्राकडे पाहिलं. गडबडीत बोळा वडिलांच्या ओठांवरून फिरला होता. झुपकेदार मिशी साफ निघून आली होती.

मला रडूच फुटायचं बाकी होतं. तिच्याजवळची एकुलती एक छबी मी बिघडवली होती. तसबीर घेऊन गुपचूप ओट्यावर गेलो. निरांजन लांब नळापाशी ठेवून आई आली आणि बघतच राहिली.

"मिशी मोठ्या दिरांनी मागाहून रंगवून घेतली होती," ती म्हणाली. "बिनमिशीचा बाप्या भिंतीवर शोभत नाही म्हणे."

वॉर्निशवर रंगवलेली, म्हणून वॉर्निशबरोबर गेली. "मग दादांना मिशी नव्हतीच?"

"होती ना. मला आवडत नाही म्हटलं, तर लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी उतरवून आले." ती पदरात तोंड लपवून हसली, आणि मग त्या ओल्या ओठावरून तिने हळूच बोट फिरवलं.

झायलीनला उघड्या हाताने शिवू नका, असं सबंध कारखान्याला बजावणारा मी तिला अडवू शकलो नाही.