लेझामा बागेतली पितळी कडी

ब्यूनस आयर्समध्ये रविवारी पाहुण्यांची बस आधी रेकोलेतातली श्रीमंतांची थडगी दाखवते, मग बोकातली रंगीत पत्र्याची घरं, आणि जेवणाआधी सान तेल्मोत लेझामा बागेशी येऊन थांबते. तिथं बघायचं काय, तर एवारिस्तो स्कार्पोनेचं लाकडी घोड्यांचं चक्र. खरं म्हणजे चक्र नव्हे, एवारिस्तोचा उजवा हात.

पोरं घोड्यांवर बसून गरगर फिरतात. एवारिस्तो बाजूला उभा राहून पेरूएवढा लाकडी गोळा हलवत असतो. गोळ्यातून पितळी कडी डोकावते. जाता जाता जो ती खेचेल, त्याला पुढची फेरी फुकट. पोरांना वाटतं, आपणच खेचली. कसली खेचताय! बेचाळीस वर्षं ते एवारिस्तोच ठरवत आला होता. माजलेल्याला हुलकावणी द्यायची आणि तोंड उतरलेल्याच्या बोटांत कडी अशी अलगद सोडायची, की त्याला पत्ताही लागू नये.

गेल्या हिवाळ्यात तो हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, हे आता वाढतच जाणार. त्याची मुलगी नोएमी तिकिटांच्या खिडकीत बसते. ती दोनदा म्हणाली, "बाबा, गोळा माझ्याकडे द्या."

"मला शवपेटीत घातलं की घे," म्हातारा खेकसला. हे काम सोडलं तर आपण उरणार काय, या धास्तीनं त्याला झोप लागत नव्हती.

त्या रविवारी बेकरीवाल्याची ब्रिसा आली. सात वर्षांची. आई जाऊन महिना झालेला. एवारिस्तोनं मनाशी ठरवलं, आज कडी हिची.

पण तिचा घोडा समोर आला आणि हातानं दगा दिला. गोळा भलतीकडेच उडाला. मागून दांडगा फाकुंदो आला, तर कडी नेमकी त्याच्या नाकासमोर. फाकुंदोनं हात पुढे केला आणि मूठ हवेतच आवळली.

"हुकली! आजोबा भारी चलाख!" तो ओरडला.

त्याच्या मागच्या मुलीचीही हुकली. तिच्या मागच्याचीही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांची गाईडबाई म्हणाली, "बघा, असा हात अख्ख्या शहरात नाही!" म्हाताऱ्याची छाती फुगली.

पुन्हा ब्रिसा आली. ती वाकली, तिची बोटं कडीला लागली, आणि तिनं हात हळूच मागे घेतला.

"असू दे आजोबा, पुढच्या वेळी," ती हसून म्हणाली.

एवारिस्तोला आता उमगलं. पोरांना सगळं माहीत होतं. कधीपासून, कोण जाणे. तो ज्यांना जिंकवत आला, ती पोरं आता त्याला जिंकवत होती. आणि आई गेलेली ही एवढीशी मुलगीसुद्धा त्याचीच कीव करत होती.

चक्र थांबल्यावर तो खिडकीशी गेला आणि गोळा नोएमीपुढे ठेवला.

"आत्ता? अहो, लोक फोटो काढतायत," ती म्हणाली.

"काढू दे. ब्रिसाला कडी दे," तो म्हणाला. "मला नाही जमलं."