वहिनींचा कोट मी आखूड केला

माझ्या मुलाचं लग्न चंडीगडला ठरलं. जानेवारीत, संध्याकाळी, उघड्या लॉनवर. मुलीकडचे फोनवर म्हणाले, "थोडी ठंड होगी जी." मी मोबाइलवर पाहिलं, तर पाच अंश. डोंबिवलीत आम्ही पंखा एकवर आणला की थंडी पडली म्हणतो. पाच अंशांत लोक उघड्यावर लग्न लावतात, तेही हौसेने, हे मला दोन दिवस पटेचना.

आमच्या घरात गरम कपड्यांची सोय एकच. माझ्या मोठ्या जाऊबाई कोपरीला राहतात. मी त्यांना वहिनी म्हणते. त्यांच्या कपाटावरच्या सुटकेसमध्ये मरून रंगाचा एक लांब लोकरीचा कोट असतो. मोठ्या दिरांनी फार वर्षांपूर्वी परदेशातून आणलेला. घरातली कुठलीही बाई मनालीला निघो की लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला, कोट कोपरीहून न्यायचा आणि आल्यावर ड्रायक्लीन करून, मिठाईच्या पुड्यासकट परत द्यायचा. आमच्यात पाच फुटांवर कुणीच नाही. त्यामुळे सगळ्यांचे बर्फातले फोटो सारखेच आहेत. कोट तोच, वरचा चेहरा तेवढा बदलतो.

माझी उंची चार फूट दहा इंच. मी कोट आणला आणि घरी सगळं एकदा चढवून पाहिलं. थर्मल, साडी, पूर्ण बाह्यांचा स्वेटर, त्यावर कोट, त्यावर शाल. आरशासमोर गेले आणि हबकले. समोर गोधडीची वळकटी उभी होती. कोट घोट्यापर्यंत, बाह्यांत बोटं गडप, मान नाहीशी.

मुलगा दारातून म्हणाला, "आई, आत आहेस ना? आवाज दे."

तो हसला, मला हसू आलं नाही. विहीणबाई पाच फूट सात इंच. वरमाय म्हणून प्रत्येक फोटोत मी त्यांच्या शेजारी असणार होते, कुरियरने आलेल्या पार्सलसारखी.

मी कोट घेऊन विठ्ठलवाडीला गेले. स्टेशनजवळच्या गल्लीत जीन्स आणि जॅकेटं शिवणारे मास्तर बसतात. एकाने माझ्या अंगावर कोट घालून गुडघ्याशी आणि मनगटाशी खडूच्या खुणा केल्या. मी "इधर तक" म्हटलं आणि निघाले. दुमडायचं आहे, कापायचं नाही, हे वेगळं सांगायचं मला सुचलंच नाही. आमच्याकडे कापड कापतच नाहीत. शाळेचा युनिफॉर्म असो, पडदा असो, आतून दुमडायचा, टाके घालायचे, पुढे लागला तर उसवायचा. लग्न झालं की टाके काढून कोट होता तसा परत करायचा, असा माझा सरळ हिशेब होता.

तिसऱ्या दिवशी मास्तरने हँगरवरचा कोट दिला आणि सोबत एक प्लास्टिकची पिशवी. आत मरून रंगाच्या वीतभर रुंद पट्ट्या. त्या कसल्या, हे मला काही क्षण कळेचना.

"ये क्या है?"

"कटिंग. आपका माल है, आपको ही देंगे ना."

मी त्याच्याच स्टुलावर बसले. "काटा क्यों?"

"मॅडम, इतना मोटा कपडा अंदर मोडेगा तो घुटने पे टायर बनेगा टायर. छोटी हाइट में और दिखेगा."

भांडायला तोंड उघडलं, पण त्याचं म्हणणं बरोबर होतं. त्याने कोट घालून बघायला लावला. पठ्ठ्याने कंबरही आत घेतली होती, बटणं वर सरकवली होती. आरशात मला माझी कंबर दिसली. एवढी मोठी चूक करून बसलेली बाई आरशात स्वतःवर खूश होते, याचाही मला धक्काच बसला.

बाहेर येताच भानावर आले. सासूबाई नाहीत. लग्नातलं सगळं वडीलकीचं वहिनींनी करायचं होतं. आणि वहिनींचा राग मला माहीत होता. एका नातेवाइकांनी त्यांचा पोळपाट चीर पाडून परत केला, तेव्हा दोन वर्षं वहिनी त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेल्या नव्हत्या. इथे तर मी कोटच कापला होता. त्या "मी नाही येत" म्हणाल्या असत्या तर मुलाच्या पाठीशी उभी राहायला घरातली वडीलधारी बाईच नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कोपरी गाठली. प्रस्तावना केली नाही. कोट आणि पिशवी टेबलावर ठेवली. "वहिनी, माझ्या चुकीने कापला गेला."

वहिनींनी एक पट्टी काढून उजेडात धरली. मग उठल्या आणि गाऊनवरच कोट चढवला. त्या माझ्याहून इंचभर बुटक्या. कोट गुडघ्याच्या जरा खाली येऊन नीट थांबला. त्या आरशासमोर गेल्या, वळल्या, पाठ बघितली.

"एवढ्या वर्षांत एकीला अक्कल सुचली नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"अगं, माझ्यासाठीच आणलेला ना. पहिल्या दिवशी घातला तर हे म्हणाले, कोटाला पाय फुटलेत. पुन्हा अंगाला लावला नाही. देत बसले सगळ्यांना."

मी खुर्चीत बसले. हा कोट घरातल्या सगळ्या बायकांनी घातला होता, आणि जिचा होता तिने फक्त त्या पहिल्या दिवशी. आम्ही आपले मिठाईचे पुडे देत राहिलो. विचारलं कुणीच नाही.

"मग रागावला नाहीत?"

"रागावलेय ना. चंडीगडला हा मी घालणार. तू तुझं बघ."

"अहो, वरमाय मी आहे!"

"मग शाल घे." पिशवीत हात घालून त्या म्हणाल्या, "या पट्ट्यांचा कमरेला बेल्ट होईल का गं? विचार तुझ्या मास्तरला."

वहिनी सत्तरीच्या उंबरठ्यावर आहेत. मी पिशवी उचलली.

मास्तरने बेल्ट शिवला आणि मलाही शहाणं केलं. जाड एक घालण्यापेक्षा पातळ तीन घाला, गळ्यापासून पायापर्यंत रंग एकच ठेवा. मग अंगालगत थर्मल, परकराखाली गरम लेगिंग, ब्लाउजच्या जागी साडीच्याच रंगाचा, बंद गळ्याचा पातळ पोलो नेक स्वेटर, त्यावर कमरेशी संपणारं आखूड लोकरीचं जॅकेट. शाल बारीक घडी करून एका खांद्यावर. निऱ्या मोकळ्या राहिल्या आणि मान जागेवर दिसली. थंडी वाजलीच, पण सोसवेल इतकी.

लॉनवर विहीणबाईंनी वहिनींना विचारलं, "जी, कोट कहाँ से लिया? बहुत सुंदर है."

वहिनी बेल्ट ओढून ताठ झाल्या. "मेरी देवरानी ने सिलवा के दिया. खास मेरे लिए."

तेवढ्यात फोटोग्राफरने फोटो काढला. त्यात वहिनी मधोमध आहेत, विहीणबाई हसताहेत, आणि मी नेटकी उभी आहे. तोंड मात्र उघडं राहिलंय.