विस्तव मागायला गेलो

मुंबईकर मंडळी, खोलीत कुणीतरी हे पत्र मोठ्याने वाचा.

आज सकाळी घर नुसतं गारठलं होतं. राखेत पुरून ठेवलेला निखारा विझलेला. शेणीचा तुकडा घेऊन विस्तव मागायला निघालो. बायकापोरांसकट मुंबई गाठलीत, तुमच्या पाचही घरांना कुलपं! शेवटी चढण चढून वरच्या वाडीत भागीकाकूकडे गेलो.

"एवढ्या लांब आलास रे? काड्याची पेटी नाय घरात?"

"नाय," म्हटलं.

तिने चुलीपाशी पाट सरकवला, ऊन पेज वाढली. मग शेणीवर निखारा दिला. तो वाटेतच विझला.

घरी येऊन फडताळातली काड्याची पेटी काढली. तुम्हीच गणपतीत आणलेली, अजून न फोडलेली.

शिमग्याला कोण कोण येताय? कुणाच्या दारात विस्तव मागायला येऊ?