खोटंखोटं बाजूला बसले तेव्हा

"थ्रेटन्ड अबॉर्शन," डॉक्टर मॅडम सिस्टरला म्हणाल्या आणि मला त्यातला फक्त दुसरा शब्द ऐकू आला. मी सोनोग्राफीच्या टेबलावर पडले होते. उशाशी माझ्या जाऊबाई उभ्या होत्या, एका हातात माझ्या चपला, दुसऱ्या हातात माझी ओढणी.

मॅडमनी माझा चेहरा पाहिला असावा. "ऐका, संपलेलं नाही काही," त्या म्हणाल्या. "थ्रेटन्ड म्हणजे धोका आहे, इतकंच. गर्भ जागेवर आहे. त्याच्या शेजारी थोडं रक्त साठलंय, त्याला सबकोरिऑनिक हेमॅटोमा म्हणतात. म्हणजे गर्भाशयाची भिंत आणि गर्भाचं आवरण यांच्यामध्ये साठलेलं रक्त. पुष्कळदा ते आपोआप जिरतं."

"अन् ठोके?" हे जाऊबाईंनी विचारलं.

"अजून दिसत नाहीत. सहावाच आठवडा आहे, इतक्या लवकर कधीकधी दिसत नाहीत. दहा-बारा दिवसांनी परत बघू. तोपर्यंत मी हो पण म्हणणार नाही आणि नाही पण म्हणणार नाही."

ज्यांना हे वाक्य ऐकावं लागलंय किंवा पुढे लागेल, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मला तेव्हा कुणी लिहिलेलं सापडलं नव्हतं. मोबाइलवर जे सापडलं ते वाचून रक्तदाब तेवढा वाढला.

आधी घरचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही मूळचे फुलंब्रीकडचे. शेती अजून तिकडेच आहे, सासूबाई आठवड्यातून दोनदा तरी जाऊन येतात. इथे शहरात आमचं दोन मजली घर. खाली सासूबाई, दीर आणि जाऊबाई, वर आम्ही दोघं, स्वयंपाक सगळ्यांचा खाली एकत्र. दिरांचं शहागंजात दुकान, माझे मिस्टर वाळूजला कंपनीत. जाऊबाईंना मी ताई म्हणते. त्यांच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. 'तिला कधी राहिलंच नाही' असं नात्यात सगळे म्हणायचे, आणि मीही तेच धरून चालले होते.

टेस्ट किटवर दोन रेघा आल्या तेव्हा मी फक्त मिस्टरांना आणि सासूबाईंना सांगितलं. सासूबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि लगेच फर्मान काढलं, "चौथा लागंस्तोवर कुनाला बोलायचं नाय. थोरलीला तर बिलकुल नाय."

"ताईंना का नाही?" मी विचारलं.

"मन चांगलं हाय तिचं. पन नजरंचं काय सांगता येतं?"

मला राग आला. पण त्या वेळी माझी अवस्था अशी होती की कुणी सांगितलं असतं उलटं चाल, तर मी उलटी चालले असते. पोटातलं टिकलं पाहिजे, बाकी काही सुचत नव्हतं. मी गप्प बसले.

आता अडचण अशी की आमच्या घरात अजूनही पाळीचे चार दिवस बाजूला बसायचं असतं. स्वयंपाकघरात जायचं नाही, देवघराकडे फिरकायचं नाही. वरच्या मजल्यावर मागच्या खोलीत बसायचं, ताट तिथे येतं. एका घरातल्या दोन बायकांना एकमेकींच्या तारखा पाठ असतात. माझी तारीख उलटून आठ-दहा दिवस झाले तशा ताई माझ्याकडे निरखून बघायला लागल्या. सासूबाईंनी तोडगा काढला. "उद्यापासून बाजूला बस. थोरलीला वाटंन, उशिरा आली."

म्हणजे पाळीचं नाटक करायचं. मी बी.एस्सी. झालेली बाई. मिस्टर म्हणाले, "बस ना चार दिवस, आरामच आहे." पुरुषांना ही वाक्यं कुठे शिकवतात देव जाणे.

पण खरं सांगू का, पहिला दिवस सुखाचा गेला. मला मळमळ सुरू झाली होती, कांद्याच्या फोडणीचा वास आला की आतडी वर यायची. मागच्या खोलीत तो वास येत नव्हता. त्यात दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. आमच्याकडे पाणी येतं ते किती दिवसांनी, हे बाहेरगावच्या माणसाला सांगितलं तर खोटं वाटेल. आलं की घरात लढाई असते. ड्रम, टाक्या, हंडे, बादल्या. ताई एकट्या भरत होत्या आणि मी खोटंखोटं पोट धरून पडले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यात ताईंचं प्रेम. त्या संध्याकाळी माझ्यासाठी काढा घेऊन आल्या. ओवा, तीळ, गूळ, चांगला उकळलेला. "पी गरम गरम, मोकळं व्हईल. उशिरा आली की लई दुखतं." त्या वळल्या तसा मी तो मोरीत ओतला.

तिसऱ्या दिवशी सासूबाई गावाकडे गेल्या. मिस्टर पहिल्या शिफ्टला, त्यांचा मोबाइल कंपनीच्या लॉकरमध्ये. दुपारी मी बाथरूमला गेले आणि खरंच रक्त दिसलं.

जरासंच होतं. पण लाल होतं. मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. काय गंमत बघा, ताईंना वाटत होतं की मला रक्त जातंय, आणि आता खरोखर जात होतं तर ते कुणाला सांगायची सोय नव्हती. सासूबाईंचा फोन लागेना. मिस्टरांचा लागणारच नव्हता. बाहेर ताईंच्या बांगड्या वाजल्या.

आज त्यांच्या हातात काढाही होता आणि एक गोळीही होती. "काल प्याली नाय न तू? मोरीत तीळ दिसले मला. माझ्यासमोर पी आता. ही गोळी पन घे, पोटदुखीची. तुझं तोंड पांढरंफटक पडलंय."

मी ग्लास हातात घेतला. ताई समोर कमरेवर हात ठेवून उभ्या. प्यायले तर काय होईल ते माहीत नाही. नाही म्हणावं तर कारण काय सांगू? आत काहीतरी निसटतंय असं वाटत होतं आणि मी इथे नाटकातली पुढची ओळ शोधत होते. मग माझ्याच्याने राहवलं नाही.

"ताई, मला दिवस गेलेत. आणि आता रक्त जातंय."

एका दमात बोलले आणि रडायला लागले. मला वाटलं, त्या चिडतील. निदान विचारतील, माझ्यापासून का लपवलं. त्यांनी माझ्या हातातला ग्लास काढून घेतला, खाली जाऊन गॅस बंद केला, पर्स घेतली आणि दारात रिक्षा उभी केली. शिवाशिव-बिवाशिव काही नाही, माझ्या कमरेला हात घालून मला उतरवलं. रिक्षावाल्याला म्हणाल्या, "भैय्या, आराम से चलाव. एक भी गड्डे में नक्को डालो."

दवाखान्यात ओळखीच्या दोन बायका भेटल्या. ताईंनी त्यांना सरळ सांगितलं, "मला दाखवायला आलेय." तिथेही त्यांनी माझं गुपित सांभाळलं.

मॅडमनी टीव्हीएस केली. म्हणजे आतून करायची सोनोग्राफी. पहिल्या महिन्यांत तीच नीट दाखवते. तिला भिऊ नका, दुखत नाही, लाज मात्र वाटते. त्यानंतर जे बोलणं झालं ते वर सांगितलंच आहे. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या दिल्या, म्हणजे गर्भ टिकायला लागणारं संप्रेरक. फॉलिक अॅसिड चालू होतंच.

"नुसतं खाटेवर पडून राहिल्याने गर्भ टिकतो असं नाही," मॅडम म्हणाल्या. "पण ओझं उचलू नका, दगदग नको. मनाने कुठली गोळी नको, काढा नको. जास्त रक्त गेलं, पोटात कळा आल्या किंवा चक्कर आली तर लगेच या, वाट बघू नका. आणि एक ऐका. तुम्ही काही केलंत म्हणून हे झालेलं नाही."

हे शेवटचं वाक्य मी पुढचे सगळे दिवस जपासारखं म्हटलं. पटलं असं नाही. पण म्हणत राहिले.

सासूबाई दिवेलागणीला आल्या. त्यांना कळलं तेव्हा आधी त्या घाबरल्या, मग चिडल्या. मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, "सांगितलंस ना तिला? झालं समाधान?" भिंत पातळ होती. पलीकडे ताई पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

मग सुरू झालं ते वाट बघणं. पहिले दिवस मी सारखी बाथरूमला जायची. गरज नसली तरी जायची. आत गेल्यावर डोळे मिटायची, मग उघडायची. लाल आहे की तपकिरी? तपकिरी म्हणजे जुनं रक्त, बाहेर पडतंय, हे मॅडमनी सांगितलं होतं. तरी उजेडात नेऊन बघायची. पडले की वाटायचं उठावं, उठले की वाटायचं पाप करतेय. टीव्ही लावायचा, बंद करायचा. मिस्टर शेजारी घोरायला लागले की त्यांना हलवून विचारायची, "टिकेल ना हो?" ते झोपेतच हो म्हणायचे. त्यांच्या त्या 'हो'चा मला राग यायचा आणि आधारही वाटायचा.

एक दिवस मळमळ अचानक थांबली. ज्या बाईला कधी दिवस गेले नाहीत तिला वाटेल, बरं झालं. माझ्या पायाखालची जमीन सरकली. उलटी नाही म्हणजे आत काही उरलं नाही, असंच डोक्यात बसलं. मी ताईंना हाक मारून कांदा फोडणीला घालायला लावला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून वास घेत राहिले. काही झालं नाही. पुन्हा वास घेतला. ताईंनी गॅस बारीक केला. "असं व्हतं. एक दिवस कमी, एक दिवस जास्त. त्याचा काय अर्थ नसतो." मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? त्या म्हणाल्या, "ऐकलेलं हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रश तोंडात घालताच मला भडभडून उलटी झाली. उलटी करून इतकं आनंदाने हसलेली दुसरी बाई आमच्या गल्लीत नसेल.

या दिवसांत पाणी ताईंनीच भरलं. माझं ताट वर आणून द्यायच्या आणि दारातच ठेवून जायच्या. आत या म्हटलं तर "काम पडलंय" म्हणायच्या. त्या संध्याकाळचं सासूबाईंचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, हे मला कळत होतं.

दुसऱ्या सोनोग्राफीला मिस्टर सुट्टी टाकून आले. बाहेर बाकावर त्यांचा पाय इतका हलत होता की शेजारच्या आजोबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. आत मॅडम पडद्याकडे बघत एकेक बटण दाबत होत्या. मी छताकडे बघत होते. मग त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. एक छोटासा ठिपका होता आणि तो लुकलुकत होता. "हे ठोके. छान आहेत. रक्तही कमी झालंय. सांभाळून राहायचं, पण आता घाबरून नाही." मी मॅडमचा हात धरला आणि सोडायलाच विसरले. त्यांचे, त्या सिस्टरचे आणि त्या अनोळखी आजोबांचे माझ्यावर उपकार आहेत.

तुम्ही या वाटेवर असाल तर एवढंच सांगते. गावाला सांगू नका, पेढे वाटू नका, पण घरात जी बाई दिवसभर तुमच्याजवळ असते तिला सांगा. काही झालंच तर तुमच्या कमरेला हात तीच घालणार आहे. आणि दुसरं कारण आहे, ते मला त्या दिवशी घरी आल्यावर कळलं.

सासूबाई दारातच मीठ-मिरच्या घेऊन उभ्या होत्या. मला उंबऱ्याबाहेर थांबवून दृष्ट काढायला लागल्या. 'आल्यागेल्याची, घरच्यादारची' म्हणताना त्यांची नजर सहज मागे वळली. मागे ताई होत्या, पदराला हात पुसत.

"आत्या," ताई सासूबाईंना म्हणाल्या, "माझ्या टायमाला कुनाची लागली व्हती?"

सासूबाईंचा हात हवेतच थांबला.

"तवा तर कुनालाच ठाऊक नव्हतं. तुमी अन् मी. ह्यांना पन तुमी मागून सांगितलं. मग कुनाची लागली?"

मी ताईंकडे बघत राहिले. "ताई, तुम्हाला..."

"दोन महिन्याचं व्हतं," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या दुसऱ्या साली."

"मग दवाखाना? झोपून किती दिवस होतात?"

"झोपते कुठं? कुनाला म्हाईत नव्हतं तर झोपायचं कसं? दुसऱ्या दिवशी पावने व्हते जेवायला. पुरनाचा सैपाक केला."

इतकी वर्षं लोक या बाईला 'कधी राहिलंच नाही' म्हणत आले आणि ती ऐकत आली. जे असल्याचं कुणाला माहीत नव्हतं, ते गेल्याचं ती कुणापुढे रडणार होती?

सासूबाई उंबऱ्यावरच खाली बसल्या. मिरच्या मुठीतच होत्या. मग त्यांनी मान वर केली.

"लई दुखलं व्हतं का गं तवा?"

"व्हय," ताई म्हणाल्या, आणि त्यांच्याशेजारी बसून रडल्या.